पाहुण्यांसाठी भाकर

शहराचा मैला जिथे येऊन पडायचा, तिथल्या एका संस्थेच्या तळ्यांवर मी सत्तरच्या दशकात रोजंदारीला होते. उथळ तळ्यात सांडपाणी उन्हात ठेवलं की शेवाळानं ते हिरवंगार व्हायचं आणि तेच शेवाळ घाण खाऊन पाणी निवळवायचं. आम्ही बायका तुरटी फिरवून ते खाली बसवायचो, जुन्या धोतरांतून गाळायचो, पत्र्यावर वाळवून कोंबड्यांना घालायचो. वास अंगाला चिकटून घरी यायचा.

घरी नवरा लकव्यानं अंथरुणाला खिळलेला. मला परमनंट व्हायचं होतं, बाकी डोक्यात काही नव्हतं.

एकदा बाहेरगावचे पाहुणे यायचे होते. हे शेवाळ माणसालाही खाता येतं, असं दाखवायचं साहेबांनी मनात घेतलं. खायचं कोणी? आमच्यातल्या विणकरांच्या घरच्या बायकांना विचारलंसुद्धा नाही. "त्यांच्यात चालत नाही," म्हणाले. मग माझ्याकडे बघून हसले. "तुम्हा लोकांना काय, सगळं पचतं. खाऊन दाखव, तुझं परमनंटचं बघतो."

सासऱ्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी शिळं-उष्टं मागून आणायचं मडकं दारात फोडलं होतं. घरी हे सांगितलं तर ते भडकले. "काहून खातं वं? दारोदारचं उष्टं सोडलं आपण. हे तर पूर्‍या शहरानं हगलेलं हाय!"

"मंग यायच्या औषधाचं कसं, मामाजी?" मी नवऱ्याच्या अंथरुणाकडे बघून म्हटलं.

ते भिंतीकडे तोंड करून बसले.

ज्वारीच्या पिठात शेवाळ कालवून भाकर मीच थापली आणि पाहुण्यांच्या टेबलासमोर उभी राहून मीच खाल्ली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी एक तुकडा बोटांत धरला, हुंगला, ठेवून दिला आणि रुमालाला हात पुसले. मी हसत घास गिळला. परमनंटसाठी आणखी चार भाकरी खाल्ल्या असत्या.

काही दिवसांनी ऑर्डरी निघाल्या. माझ्याबरोबरच्या दोघी परमनंट झाल्या, मी नाही. साहेबांच्या खोलीत जाऊन विचारलं, तर त्यांना रागही आला नाही.

"हे बघ, पाहुणे आता येतच राहणार. परमनंट माणसाला असलं खायला लावलं तर युनियन माझ्या डोक्यावर बसेल. रोजंदारीवाल्यांचं कोणी विचारत नाही. आणि तुला सवयही झाली आहे."

त्या माणसाच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. अजूनही वाटतं. पण बाहेर मुकादम पीठ घेऊन उभा होता आणि पाहुण्यांची जीप फाटकात शिरली होती. मी हात धुतले आणि भाकर थापायला बसले.