'होईल' नव्हे, 'झाली आहे'

रंगनाथ मास्तर श्रीरामपूरच्या शाळेत शिकवायचे मराठी, पण लोक त्यांना ओळखायचे ग्रीकवरून. तरुणपणी नगरला मिशनच्या वर्गात ते ती भाषा शिकले होते. चर्चच्या पायरीवर कुणी थांबला, की मास्तरांनी त्याला क्रियापदात गाठलाच म्हणून समजा. त्यांचं लाडकं रूप एकच, 'अफेओन्ताय'. क्षमेसाठी वापरतात, पण मूळ धातू सोडून देण्याचा. हे रूप भविष्याचं नाही, नुसत्या भूतकाळाचंही नाही. सोडून दिलं, आणि सुटलेलं ते आजही सुटलेलंच आहे. "क्षमा होईल" म्हणणाऱ्याला व्याकरण कळत नाही, असं ते पाळकसाहेबांनाही तोंडावर ऐकवत. माणूस फटकळच!

बहात्तर सालच्या मार्चात एका दुपारी त्यांची थोरली भावजय लंकाबाई राहुरीकडच्या खेड्यातून आली. चोवीस वर्षं दोघा भावांत शब्द नव्हता. ऐन ग्रीकच्या परीक्षेत बाप वारला होता, आणि पेपर बुडू नये म्हणून थोरल्या मच्छिंद्रनं धाकट्याला कळवलंच नव्हतं. बापाची माती चुकली, ती मास्तरांच्या काळजात रुतून बसली.

मच्छिंद्रनं आता अंथरूण धरलं होतं, डॉक्टरांनी हात टेकले होते. मला माफी होईल का, एवढं रंगाला विचारून ये, असं त्यानं बायकोला बजावलं होतं.

आता या प्रश्नात मास्तरांचा हात कोण धरणार? ते ताठ बसले. "वहिनी, 'होईल' नाही, 'झाली आहे'. मूळ शब्दच तसा आहे. दादाला खुशाल सांगा."

"ते देवाचं झालं, भावजी," लंकाबाई म्हणाली. "ह्ये इचारत्यात तुमचं."

साऱ्या गावाला ते रूप शिकवलं आणि आपण मात्र कोरडेच राहिलो, याची मास्तरांना भयंकर लाज वाटली. चपला सरकवल्या आणि वहिनीबरोबर परतीची एसटी धरली.

खाटेवर मच्छिंद्रची नुसती हाडं उरली होती. मास्तरांनी त्याचा हात हातात घेतला.

"दादा, माफी केलीय."

"कवा?"

कधीचीच, म्हणून ठोकून देता आलं असतं. पण थाप मारायला त्यांची जीभ रेटेना.

"आत्ता येताना. एसटीत, बेलापूरच्या पुढं."

मच्छिंद्र हसला.

"रंगा, त्यो पेपर कसा गेल्ता रं?"

चोवीस वर्षांत त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

"पहिला आलो, दादा," मास्तर म्हणाले, आणि ओक्साबोक्शी रडू लागले.