कुऱ्हाडवाले भाऊ
परवा ऑफिसात लाइट गेली, यूपीएस पीं पीं करायला लागला आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. त्या आवाजासरशी मी मनाने थेट बिबवेवाडीतल्या सायबर कॅफेत जाऊन पोचते. कुबट प्लायवूडचा वास, चिकट कीबोर्ड, आणि प्रत्येक कॉम्प्युटरला आडोसा, त्यामुळे शेजारी कोण बसलंय ते कुणाला दिसायचं नाही. इंजिनिअरिंगला असताना कॉलेज सुटलं की मी तिथे गेम खेळायचे. पात्र निवडताना दाढीवाला, कुऱ्हाडवाला योद्धा घेतला, कारण बाईचं पात्र घेतलं की चॅटवर काय काय विचारतात ते मी पहिल्याच दिवशी वाचलं होतं. त्याच कॅफेतली पाच पोरं दोन महिने माझ्यामागून लढली. "कुऱ्हाडवाले भाऊ, आपण पुढे व्हा," असं त्यांचा म्होरक्या अदबीनं टाइप करायचा. एका दुपारी लाइट गेली, यूपीएस ओरडायला लागला आणि म्होरक्या उभा राहून म्हणाला, "भाऊ, आधी तुमचा गेम सेव्ह करा! कुठे बसलाय?" मी म्हणाले, "इथे." आडोशावरून पाच मुंडकी डोकावली. "अहो ताई, आधी सांगायचं ना! आम्ही सांभाळून घेतलं असतं." सांभाळून! दोन महिने ह्यांचे जीव मी वाचवत होते. दुसऱ्या दिवशी तीच कुऱ्हाड, तीच दाढी, आणि स्क्रीनवर ओळ उमटली, "ताई, तुम्ही मागे थांबा." परवा संध्याकाळी घरी आले तेव्हा माझी नववीतली लेक नव्या गेममध्ये पात्र निवडत होती. तिने दाढीवाला घेतला. का, ते मला विचारावं लागलं नाही.