लाकूड तेवढं राहिलंय

तिरोड्यात माझं रंगाचं दुकान आहे. घरची धानाची शेती अजून आहे, पण ती भाऊ पाहतो. मी तरुणपणी रंगात पडलो तो पडलोच. दुकानाच्या मागच्या खोलीत, प्रायमरच्या डब्यांच्या वरच्या फळीवर, काचेच्या पेटीत दुहेरी पंखांची वीतभर विमानं मांडून ठेवली आहेत. एखादं गिऱ्हाईक आत डोकावतं आणि विचारतं, "हे कायले ठेवलं, भाऊ?" विकायची नाहीत, एवढंच मी सांगतो. मग ते आपली डिस्टेंपरची बादली उचलून चालायला लागतं आणि आमची विमानविद्या तिथंच आटोपते.

ही विमानं मी आणि माझ्या मुलीनं मिळून केलेली. ती शाळेत असताना मी नागपूरहून एक किट आणलं होतं, प्लास्टिकचे तुकडे जोडून विमान करायचं. तेव्हापासून पुढं शिकायला परदेशी जाईपर्यंत, दुकानाच्या सुटीच्या दिवशी आम्ही बापलेक त्या खोलीत कोंडून घ्यायचो. तुकडे चिकटवणं काय, कुणालाही जमतं. खरी मजा त्यानंतर. शंभर वर्षांपूर्वीची ती विमानं म्हणजे लाकडी सांगाड्यावर ताणून बसवलेलं कापड, आणि आपल्या हातात असतं राखाडी प्लास्टिक. त्याच प्लास्टिकचं रंगानं लाकूड करायचं आणि रंगानंच कापड. बघणाऱ्याला बोट लावून खात्री करावीशी वाटली पाहिजे.

कामाची वाटणी कुणी न ठरवता झाली. कापड माझं, लाकूड तिचं.

कापडानं मला फार छळलं. त्या विमानांच्या पंखांवर एक लेप देत. तो सुकला की कापड ताठ व्हायचं आणि जरासं पिवळट दिसायचं. तो रंग माझ्या अख्ख्या दुकानात सापडेना. एकदा बायकोनं तिची लग्नातली कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, साडी वारा द्यायला दोरीवर टाकली होती. मुलीनं पलीकडून साडीला हात टेकवला, तर तिच्या बोटांची सावली अलीकडे कापडातून उमटली. मी दारात उभा होतो, तिथूनच ओरडलो की हात हलवू नकोस. रंग तोच होता, आणि पंखाच्या आतल्या लाकडी पट्ट्या कापडातून कशा दिसत असतील तेही कळून चुकलं. आधी पट्ट्यांच्या जागी गडद रेघा मारायच्या, मग वरून कोशाच्या रंगाचे पातळ हात देत जायचं आणि रेघ पार बुडण्याच्या आधी थांबायचं. त्या साडीचा पदर कितीतरी दिवस दुकानात नमुना म्हणून होता. बायको अजून त्यावरून टोमणे मारते.

लाकडाला धीर लागतो आणि तो माझ्याकडे कधीच नव्हता. मुलगी आधी सायीच्या रंगाचा हात द्यायची. तो वाळला की ब्रश तपकिरी तैलरंगात बुडवून फडक्यावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसायची, आणि श्वास रोखून एका ओढीत रेषा काढायची. प्लायवुडचा प्रत्येक तुकडा थोडा वेगळ्या छटेचा, कारण खऱ्या विमानातही सगळे तुकडे एका झाडाचे नसतात, असं ती म्हणायची. ती काम करत असताना पंखा लावायची सोय नव्हती, ओल्या रंगावर धूळ बसते. घामानं निथळत मी तिच्याकडे पाहत बसायचो, आणि खरं सांगतो, तसं सुख मला पुन्हा मिळालं नाही.

ती परदेशी गेली तेव्हा एक विमान टेबलावर अर्धवट होतं. पंखांचं कापड मी पुरं केलं होतं. धड मात्र नुसतंच सायीच्या रंगात उभं होतं. निघायच्या गडबडीत ती म्हणाली, "लाकूड मी आल्यावर करीन बाबा. हात नका लावू."

शिक्षण झालं, नोकरी लागली, तिथंच लग्न झालं, नात झाली. मधे ती येऊन गेली, पण ते येणं नातेवाइकांच्या लग्नांतच संपलं. मागच्या खोलीत पाय ठेवायला तिला फुरसत मिळाली नाही.

आमच्या घरात मुलीला नुसतं 'ये' म्हणायची रीत नाही. आठवण येते असं बापानं म्हणणं म्हणजे सासरच्या घरातून तिचं मन उडवणं, अशी समजूत. म्हणून निमित्त लागतं. माझ्या बहिणीला माझे वडील निरोप धाडायचे की गाय व्याली, चीक खायला ये. नवं धान निघालं, घेऊन जा. बहीण समजायची आणि दोन दिवसांत दारात हजर व्हायची. माझ्याकडे ना गाय, ना धान. माझ्याकडे ते विमान होतं. दर फोनवर मी सांगायचो, तुझं विमान तसंच आहे, लाकूड तेवढं राहिलंय. ती म्हणायची, हो बाबा, आली की करते. बायको भाजी वाढता वाढता एकदा म्हणाली, "सीधं म्हणा ना ये म्हणून. विमानाच्या आडून कायले बोलून राहिले?" मी तिला भाजीत मीठ कमी असल्याचं सांगितलं.

गेल्या दिवाळीनंतर ती येणार हे नक्की झालं होतं. मी खोली झाडली, तैलरंगाच्या नव्या नळ्या मागवल्या, बारीक ब्रश आणवले. मग नात आजारी पडली, त्यात तिची रजा संपली आणि येणं रद्द झालं. चूक कुणाचीच नव्हती, त्यामुळे राग काढायला माणूस सापडेना. तो मी विमानावर काढला. नाही ना येत, मग मीच करतो लाकूड, असं म्हणत टेबलाशी बसलो.

आता आमच्या भागात रंगाच्या दुकानदाराला लाकूड रंगवायला सांगणं म्हणजे काय, ते ऐका. इकडे नवं घर बांधलं की पुढचं दार लोखंडी असतं, पण दिसायला सागवानी पाहिजे. पिवळट रंगावर तपकिरी हात मारायचा आणि तो ओला असताना रबराची फणी ओढून रेषा उठवायच्या. वर गिऱ्हाईक बाजूला उभं राहून सांगत असतं की गाठी मोठ्या टाका, लाकूड दिसलं पाहिजे. मी उमेदीच्या वयात अशी कितीतरी दारं केली आहेत. हात त्याच वळणावर गेला. तासाभरात विमानाच्या धडावर मस्त नागमोडी रेषा उमटल्या, मधे दोन गाठी, वर लालसर पॉलिश. मी खूष. रविवारी व्हिडिओवर मुलीला दाखवलं. ती इतकी हसली की तिच्या हातातला फोन हलायला लागला.

"बाबा, हे विमान हाय का देवघराचं दार?"

मग तिनं शांतपणे समजावलं. ही गाठ खऱ्या विमानावर धरली तर बैलगाडीच्या चाकाएवढी होईल. आणि सागवानाचं विमान जमिनीवरून उठणारच नाही. त्यांचं लाकूड हलकं, फिकं, रेषा दिसे न दिसे असं. आम्हा लोकांना लाकूड म्हटलं की सागवानच आठवतं, त्याला मी तरी काय करू? पण ती म्हणाली, पुसून टाका, मी सांगते तसं करा.

आणि मग दर रविवारी तिनं मला लाकूड शिकवलं. टर्पेंटाइनच्या बोळ्यानं मी माझं सागवान पुसलं. फोन डब्याला टेकवून ठेवायचा आणि ती तिकडून सांगायची, ब्रश अजून पुसा, अजून, आता ओढा, थांबू नका. माझी रेघ मधेच तुटायची. ती रागवायची, लहानपणी मी तिला रागवायचो तशीच. तिच्या मांडीवरून नात पडद्यात तोंड घालायची. वरण करपलं की ती फोन टाकून पळायची आणि मी ब्रश धरून वाट पाहायचो. एक तुकडा जमला, मग दुसरा. विमानाच्या नाकावरच्या पंख्याच्या पात्यावरचे लाकडाचे थर तर तिनं मला तीनतीनदा पुसायला लावले. उन्हाळ्याच्या तोंडावर मोहफुलं वेचून संपली तेव्हा धड पुरं झालं होतं. वरचा पंख बसवून, तारा ताणून मी विमान दारातल्या उजेडात धरलं. धड फिकं, कोवळं लाकूड दिसत होतं. पंखातून पट्ट्या अंधुक दिसत होत्या. इतकं चांगलं विमान आमच्याकडून आधी कधी झालं नव्हतं.

मुलीनं ते सगळ्या बाजूंनी फिरवून दाखवायला सांगितलं. माझ्यापेक्षा छान झालं, म्हणाली. तिला आनंद झाला होता, दिसत होतं ते.

त्यापुढच्या रविवारी फोन लागला आणि मला बोलायलाच काही सुचेना. तिनं ऊन किती आहे विचारलं. मी सांगितलं. मी तिकडची थंडी विचारली. तिनं सांगितलं. इतकी वर्षं जे वाक्य आपसूक तोंडात यायचं ते आता म्हणता येत नव्हतं, कारण काहीच राहिलं नव्हतं. आंब्याचं लोणचं घालतोय असं सांगावं, असं मनात आलं. पण लोणचं काय, कुणाबरोबरही पाठवता येतं. बायको दारात उभी राहून माझ्याकडे पाहत होती.

मी म्हणालो, "बेटा, तुझ्याबिना मले करमत नाई. तू ये."

तिनं फोन टेबलावर उताणा ठेवला. मला तिच्या घराचं पांढरं छत दिसायला लागलं. ती रडत होती, ते ऐकू येत होतं. मग रडतारडताच ती म्हणाली,

"मले वाटे तुमाले विमानच पुरं करून पायजे. म्हणून तर शिकवलं ना बाबा. मी नाई आली तरी तुमचं अडू नये म्हणून."

छत तसंच दिसत होतं. मी फोन उचलून कानाला लावला आणि तिच्या श्वासाचा आवाज ऐकत बसलो.