बुकींच्या परिषदेतला साखरपुडा

माझा साखरपुडा पंचवटीतल्या एका मंगल कार्यालयात झाला, आणि तो खोटा होता. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. माझा थोरला भाऊ क्रिकेटवर सट्टा घ्यायचा. नाशिक, धुळे, जळगावकडच्या बुकींची वर्षातून एकदा परिषद भरायची. भाव सगळीकडे एकच ठेवायचा, कोणी कोणाचं गिऱ्हाईक पळवायचं नाही, असल्या गंभीर गोष्टी तिथे ठरायच्या. आता ही परिषद उघडपणे भरवणार कशी? म्हणून दरवर्षी कसल्यातरी कार्याचं निमित्त. त्या वर्षी साखरपुडा करायचं ठरलं आणि नवरी मिळेना.

"थोडा वेळ नुसतं खुर्चीवर बसायचं गं," दादा म्हणाला. माझी दोन स्थळं नुकतीच हातची गेली होती. नटायला मिळतंय, एवढ्यावर मी तयार झाले.

नवरा म्हणून कळवणच्या एका बुकीचा भाचा आणला होता. मागे थर्माकोलवर भलत्याच दोघांची नावं, टेपवर सनई, आणि समोर फेटे बांधलेले बुकी मोबाइलवर सट्टा घ्यावा की नाही यावरून तावातावाने भांडतायत. मध्येच एक हवालदार डोकावला. जिलेबी खाल्ली, जोडा छान शोभतोय म्हणाला आणि गेला. सगळे पोट धरून हसले. आम्ही दोघं हसलो नाही.

"हे खरं असतं, तर तुमाला चाललं असतं का?" त्याने समोर बघतच विचारलं.

"तुम्हाला?"

"मला लय आवडलं असतं."

आईने माझी ओटी भरल्यासारखं नुसतं करायचं, असं ठरलं होतं. पण ऐनवेळी तिने खरे तांदूळ, खरा नारळ, खण, सगळं पदरात घातलं. "ओटीचं नाटक मला नाही जमणार," म्हणाली. तिचे डोळे भरले होते. तेवढ्यात भाजी घेऊन घरी निघालेली शेजारची काकू सनई ऐकून आत आली आणि तिने ते पाहिलं. झालं!

गल्ली पेढे मागायला लागली. खरं सांगायची सोय नव्हती, म्हणून काही दिवसांनी दादाने "मोडलं" असं सांगून टाकलं. मग येणारं प्रत्येक स्थळ पहिलं हेच विचारायचं, का मोडलं?

शेवटी दादा खरोखरच मागणी घालायला कळवणला गेला. "आपल्याच धंद्यातली माणसं आहेत, नाही म्हणणार नाहीत," म्हणाला. त्या दिवशी मी साखरपुड्याची साडी नेसून दादाची वाट बघत होते.

संध्याकाळी तो परत आला आणि चपला न काढताच दारात बसला. "मामा नाही म्हणतो. सट्टेवाल्याच्या घरची मुलगी नको म्हणतो."

"आणि तो स्वतः कोण लागून गेलाय मोठा?" आई कडाडली.

"त्याचं बरोबर आहे गं आई. मीसुद्धा अशा घरातली मुलगी सून म्हणून आणली नसती." एवढं बोलून दादा रडायला लागला.

"आणि तो?" मी विचारलं.

"मामापुढे मान खाली घालून उभा होता."

पुढे माझं लग्न झालंच नाही. देवळाली कॅम्पला शाळेत नोकरी धरली. तिथे नवीन आलेली एखादी बाई हमखास विचारते, तुमचं कधी ठरलंच नव्हतं का हो?

"ठरलं होतं की," मी सांगते, "साखरपुडाही झाला होता." आणि हे सांगताना आपण खोटं बोलतोय असं मला मुळीच वाटत नाही.