रिकाम्या हातानं चालणारी सून

हातातला चहा आधी संपवा बरं. मधेच ठसका लागला तर मला बोल लावाल, कारण आज मी माझी अशी फजिती सांगणार आहे की सांगतानाही मला पदर तोंडाला लावावा लागतो.

हल्ली सकाळी बघावं तर रस्त्याला माणसंच माणसं. पांढरे बूट घालायचे, हात झुलवायचे नि सुटायचं. कुठं चाललात म्हणून कुणी कुणाला विचारत नाही. नुसतं जातात नि परत येतात! मी खिडकीतून बघते नि म्हणते, बाबांनो, उशिरा जन्मलात म्हणून वाचलात. साठ वर्षांपूर्वी हेच मी सरावलीत केलं, तर माझ्या नणंदेचं जुळत आलेलं लग्न मोडायची वेळ आली होती!

खोटं वाटतं? ऐका तर.

तेव्हा मी असेन बावीस-तेवीसची. माहेर तलासरीकडचं, झरीचं. सासर सरावलीला, चिकूच्या वाडीत. आता चिकूवाल्यांच्या घरात सून होणं म्हणजे काय, ते तुम्हाला कळायचं नाही. मुंबईला माल जातो तो कच्चा, दगडासारखा. करंड्या भरल्या, शिवल्या, की स्टेशनावर रवाना. आणि जो झाडावरच पिकला, मऊ पडला, तो वाटेत सडणार. मग तो खायचा कुणी? घरच्यांनी. घरच्यांना तर चिकू बघितला तरी जांभई यायची. राहिलं कोण? मी!

तीन वर्षं मी ते काम चोख केलं. लग्नातल्या चोळ्या दंडात शिरेनात. ओसरीच्या चार पायऱ्या चढले की लोहाराच्या भात्यासारखी फुसफुसायची. शेवटी ह्यांनी मला डहाणूला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर चष्म्यावरून बघत म्हणाले, "औषध काही नको. चार सवयी लावून घ्या. पाणी उकळून प्या, घास सावकाश चावा, रात्री लवकर निजा, आणि रोज सकाळी अर्धा तास भरभर चाला."

"चालतेच की मी. विहिरीवर जाते, वाडीत जाते..."

"ते काम झालं. हे चालणं वेगळं. हातात काही घ्यायचं नाही. हात मोकळे, चांगले हलवायचे. वाटेत गप्पांना थांबायचं नाही. तोंड बंद, श्वास नाकानं. आणि एक दिवससुद्धा चुकवायचा नाही."

हे सगळं ऐकणारं माणूस एकच, आमचे हे. आणि ते त्याच संध्याकाळी मालाच्या कामाला मुंबईला गेले. सासूबाईंना सांगायची सोय नव्हती. "चालायचंय? घे ती कळशी!" म्हणाल्या असत्या. डॉक्टर तर म्हणाले, हात मोकळे. म्हणून मी ठरवलं, गुपचूप मागल्या दारानं जायचं नि यायचं. सासूबाई उजाडायच्या आत चिकू उतरवायला वाडीत जायच्या, त्यांना पत्ता लागायचा नाही.

आता त्या आठवड्याची नाजूक गोष्ट सांगते. माझी नणंद कुसुम. गुणी पोर, पण दोन ठिकाणं हातची गेलेली. आणि आता घोलवडहून चांगलं स्थळ आलं होतं. कुसुमनं मुलाला जत्रेत लांबून बघितलेलं, नि तेव्हापासून ती भाजीत दोनदा मीठ घालत होती. मुलाच्या आईची अट एकच. म्हणाल्या, "मला देणंघेणं काही नको. पण ज्या घरात सासू-सुनेचं पटत नाही, तिथली मुलगी नको. घरात बघते तेच पोर शिकते." गुरुवारी सकाळी दहाला त्या होकार द्यायला येणार होत्या.

सासूबाईंनी मला बजावलं होतं, "यशोदे, चार दिवस घराबाहेर आवाज जाऊ देऊ नको गं बाई."

"माझा कसला आवाज!" म्हटलं मी. आणि खरंच हो, आवाज मी काढलाच नाही. तिथंच तर घोळ झाला!

आमच्याकडची रीत अशी. सून माहेरी जायची तर तिची ओटी भरायची, सोबतीला कुणी द्यायचं, नि हातात फराळाचा डबा नाहीतर फळांची करंडी. भरल्या हातानं गेली ती पाठवलेली. एकटी, रिकाम्या हातानं, मान खाली घालून भरभर निघाली ती भांडून निघालेली! हे शेंबड्या पोरालाही कळायचं. मला कळत नव्हतं असं नाही. पण आपणच तशा दिसतोय हे स्वतःला कुठं दिसतं? त्यात आमच्याकडे सपाट रस्ता एकच, स्टेशनाचा. आणि तलासरीची एस.टी. सुटायची ती स्टेशनासमोरून.

मंगळवारी निघाले. तिसऱ्या घरापाशी चंपाकाकू अंगण झाडत होती. ह्या बाईला सकाळी एक गोष्ट सांगावी, तर संध्याकाळी तीच गोष्ट कुणीतरी तिलाच येऊन सांगायचं, चार बोटं लांबवून.

"कुठं गं यशोदा, एवढ्या सकाळी?"

तोंड बंद ठेवायचं होतं ना! मी मान हलवली, कुठं नाही.

"घरी ठाऊक आहे का?"

परत मान हलवली, नाही.

"नाक का फुरफुरतंय? रडतेस की काय?"

मी पदरानं घाम पुसला नि पुढं सटकले. मागं केरसुणी पडल्याचा आवाज आला. पण थांबायचं नाही म्हणजे नाही!

बुधवारी चंपाकाकू फाटकाशी वाटच बघत उभी. माझ्याबरोबर चार पावलं चालली नि हळूच म्हणाली, "काल उशीर झाला ना तुला? पाव तास आधी निघत जा."

मला वाटलं, बाई शहाणी आहे, सकाळच्या हवेतलं हिला कळतं.

"तुझं काही चुकत नाही हो," ती म्हणाली, "तुझ्या वयात मला धीर झाला नाही. नाहीतर मीसुद्धा कधीच निघाले असते."

मला इतकं बरं वाटलं! नाकातल्या नाकात म्हटलं, "मग चला की उद्यापासून!"

तिनं घराकडं वळून बघितलं. डोळ्यांत पाणी. "आता ह्या वयात कुठं जाऊ गं? तिकडं कोण राहिलंय माझं?"

तिकडं म्हणजे स्टेशनात? स्टेशनात हिचं कोण असणार? पण थांबून विचारायची मनाई. मी हात हलवत पुढं गेले.

त्या संध्याकाळी सासूबाई विहिरीवरून चक्रावून आल्या. "आज सगळ्या बाया मला सांगतायत, सुनेला सांभाळून घ्या, सुनेला सांभाळून घ्या. मी काय कमी सांभाळते? दोन माणसांचं खातेस तू!"

मी उकळलेलं पाणी प्याले नि लवकर निजले. सवयी म्हणजे सवयी.

उजाडला गुरुवार. पाहुणे दहाला यायचे, मी साडेसातला परत असणार. नि एक दिवस चुकवायचा नाही! निघाले. चंपाकाकूच्या घरावरून गेले तशी मागं पावलं वाजली. वळून बघते तर काकू पदर खोचून माझ्या मागं. तिच्या मागं आणखी एक. मग तिघी. पुढच्या आळीतून आणखी चौघी.

काय सांगू, माझी छाती अशी फुगली! दोन दिवसांत मी गावाला चांगली सवय लावली! डॉक्टरांना सांगितलं असतं तर त्यांनी माझा फोटो दवाखान्यात टांगला असता.

मी आणखी जोरात चालले. त्याही जोरात. मी उलटं वळून ओरडले, "हात हलवा, हात!" नि दाखवले हलवून.

दोघीतिघींनी रडतरडत हात हलवले. चंपाकाकू किंचाळली, "अगं, निरोप काय घेतेस! परत फीर! निदान आजचा दिवस तरी!"

कोपऱ्यावरचे तेलवाले छगनभाई दुकानाच्या फळ्या काढत होते. ते फळी हातात घेऊनच रस्त्यात आले. "वहू, पाछा वळो! पाछा वळो!"

मला वाटलं, आज फार लांब आले म्हणून काळजीनं 'सूनबाई, मागं फिरा' सांगतायत. मी मान डोलावली नि निघाले. मागं दहा-बारा बायका, एक तेलवाला, दोन कुत्री. अशी वरात स्टेशनाकडं!

आणि समोरून टांगा आला.

टांग्यात कोण? घोलवडच्या बाई नि त्यांचे यजमान! उन्हाच्या आत पोचावं म्हणून पहिलीच पॅसेंजर धरून आलेले. रस्ता बायकांनी भरलेला, टांगेवाल्यानं लगाम खेचला.

"काय झालं हो?" बाईंनी वरूनच विचारलं. "कुणाचं काही बरंवाईट?"

तेवढ्यात मागून सासूबाई आल्या. चंपाकाकूनं त्यांना वाडीतून निरोप धाडून बोलावलेलं. पाय अनवाणी, हाताला चिकूचा चीक, अंबाडा सुटलेला. कधी वाडीतल्या बैलामागंही न धावलेली बाई, धावत आली!

माझा आनंद गगनात मावेना. "सासूबाई, तुम्हीपण! पदर खोचा, नि श्वास नाकानं घ्या!"

त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "यशोदे, माझं काय चुकलं असेल ते पोटात घाल. पण आज जाऊ नको गं!"

"आज न जाऊन कसं चालेल? डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरांनी माहेरी जायला सांगितलं?"

"माहेरी? माहेरी कोण चाललंय?"

छगनभाईंनी फळी खाली ठेवली.

"मग कुठं चाललीस?" चंपाकाकू म्हणाली.

"कुठंच नाही. नुसती चालतेय."

"नुसती? नुसतं कुणी चालतं होय?"

घोलवडच्या बाई आता टांग्यातून खाली उतरल्या होत्या. कपाळाला आठी. माझ्याकडं बघून एकेक शब्द मोजत म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही कुठंही निघाला नव्हता?"

"नाही."

"हातात काही नाही, कुणाकडं काम नाही?"

"नाही."

"आणि परत घरीच येणार होता?"

"हो."

बाईंनी यजमानांकडं बघितलं. सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला. आणि तेव्हा, सांगते, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तीन दिवस मी कशी दिसत होते ते! भांडून निघालेली, नि रोज माहेरची एस.टी. चुकली म्हणून परत येणारी सून! घरात कुसुम नवं लुगडं नेसून वाट बघत बसली असेल, नि तिसरं ठिकाण मी भर रस्त्यात पायांनी तुडवत होते.

लाज कसली धरायची आता? सगळ्यांसमोर सांगून टाकलं. "बाई, सासूबाईंनी मला कधी अर्ध्या शब्दानं दुखावलं नाही. मी चिकू खाऊन खाऊन अशी झाले. धाप लागते म्हणून डॉक्टर म्हणाले, चाला. घरी सांगायची लाज वाटली. कुसुमचा ह्यात काही दोष नाही."

"किती चिकू खाता?"

"मोजले नाहीत कधी."

"मी मोजलेत," सासूबाईंच्या तोंडून निघून गेलं.

मी गर्रकन वळले. "तुम्ही मोजता?"

"रोज. सकाळी चौदा, दुपारी अकरा. पण बोलले का कधी? खाणाऱ्या सुनेला कसं बोलायचं!"

घोलवडच्या बाईंची आठी हलली. मग त्या जे हसायला लागल्या, ते टांग्याचं चाक धरून! डोळे पुसत म्हणाल्या, "मोजणाऱ्या सासवा मी पुष्कळ बघितल्या. मोजून गप्प बसणारी आज पहिली. नि सून जाते म्हणून अनवाणी धावणारी तर बघितलीच नव्हती. घर बघायचं होतं ते रस्त्यातच बघून झालं. मुलगी आमची!"

चंपाकाकू तर इतकी रडली, जणू तिचंच लग्न ठरलं.

आता माझी घरी जायची गोष्ट. सासूबाई म्हणाल्या, हिला परत चालवत नेऊ नका, पलीकडच्या आळीला काय वाटेल? पाहुण्यांबरोबर टांग्यातून जाऊ दे, म्हणजे तोंडं बंद होतील. बाई म्हणाल्या, बसा की, जागा आहे. मी मागच्या बाजूनं चढले.

चढले मात्र, टांगा मागं बसला नि पुढच्या दांड्या वर उठल्या! टांगेवाला ओरडला, "शेठ, उतरा, उतरा! बाईंना पुढं घ्या! माझा घोडा उचलला जातोय!"

घोलवडचे यजमान मुकाट्यानं उतरले. बाई पुन्हा चढल्याच नाहीत, सासूबाईंशी बोलत निघाल्या. मागून चंपाकाकू, सगळ्या बायका, छगनभाई, दोन्ही कुत्री.

त्या दिवशी सरावलीत सकाळचं चालणं साऱ्यांचं झालं, पाहुण्यांचंसुद्धा. टांग्यात बसून घरी आले ती एकटी मी!