चिकटलेल्या चकत्या

आज खंडेनवमी. लॅपटॉप मिटून पाटावर ठेवला, हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूचं एक फूल. त्या फुलाचा उग्र वास नाकात भरला आणि नव्वदच्या दशकातलं कडेगावचं आमचं घर आठवलं. तिथं टेबलावर एक संगणक असे. सांगलीच्या कुठल्याशा कचेरीनं मोडीत काढलेला, तेव्हाही म्हाताराच. फौजेतून निवृत्त झालेल्या आप्पांनी, माझ्या वडिलांनी, तो हौसेनं आणलेला. फ्लॉपीचा खण बंद पडलेला, प्रिंटर नव्हताच, मराठी अक्षरंही नव्हती. तरी मी हट्टानं आत्याच्या ओव्या इंग्रजी अक्षरांत त्यात उतरवल्या होत्या. आप्पा सीमेवर असताना जात्यावर बसून तिनं भावासाठी जुळवलेल्या ओव्या. भावाला मात्र त्यातली एकही माहीत नव्हती. ते समोर आले की ही गप्प. "मी नसताना वाच त्याला," म्हणायची.

हार्ड डिस्क जुनी आहे, फार दिवस बंद ठेवू नका, असं दुरुस्तीवाल्यानं बजावलं होतं. पण खंडेनवमीला आत्यानं यंत्र बंद करायला लावलंच. "औताला इसावा असतो, मग ह्याला नगं व्हय?" तिनं त्यालाही फूल वाहिलं. दुसऱ्या दिवशी, ऐन दसऱ्याला, तिला अर्धांगाचा झटका आला. सांगलीच्या दवाखान्यातच दिवाळी गेली. ती घरी परतली ती उजवा हात आणि वाचा गमावून. यंत्राकडं इतके दिवस कोण बघणार?

"आता वाच गं आक्काच्या ओव्या," आप्पा म्हणाले. आत्याला ते आक्का म्हणत. मी बटण दाबलं. पंखा घुमला, डिस्क ढिम्म. दुरुस्तीवाल्यानं कानाला लावून पाहिली. "आतलं तेल थिजलंय, चकत्या चिकटल्यात. ऊन देऊन मनगटानं गरकन फिरवून बघा. सुटल्या तर सुटल्या."

आप्पांनी तेच व्रत घेतलं. रोज सकाळी डिस्क फडक्यात गुंडाळून गच्चीवर उन्हात ठेवायची, दुपारी तापली की तळव्यांत धरून फिरवायची, जोडायची, ऐकायचं. काही नाही. पुन्हा उद्या. माझा तर धीर सुटला. म्हटलं, "आप्पा, नवी घेऊ."

"नव्यात आक्का हाय व्हय?"

मी फडकं पुढं केलं.

आणि एका दुपारी ती घरघरली. आधी दमेकऱ्यासारखी, मग सलग. आप्पांनी आत्याची खाट टेबलाशी ओढली. मी वाचू लागले:

बंदू माजा शिपाई, हुबा बर्फाच्या राती
हितं चुलीम्होरं, बोटं माजी गारठती

आत्यानं लाजून तोंड भिंतीकडं फिरवलं. डिस्क धरून ऊबदार झालेल्या तळव्यांत आप्पांनी तिची ती निर्जीव बोटं घेतली आणि चोळत राहिले. मी वाचत होते तोवर चोळत राहिले.

त्याच बैठकीत मी सगळ्या ओव्या कागदावर उतरवल्या. मग वीज गेली आणि ती डिस्क पुन्हा कधी फिरली नाही. आज आत्या नाही, आप्पाही नाहीत; ओव्या आता ह्या लॅपटॉपमध्ये आहेत. फुलाखालच्या यंत्राला आज विसावा. उद्या उघडेन तेव्हा आधी तीच ओवी वाचीन, मोठ्यानं, ऐकायला कुणी नसलं तरी.