बोकडांचे डोळे

महाडच्या एमआयडीसीतल्या एका तपासणी प्रयोगशाळेत मी लागले, तेव्हा बीएस्सी नुकतंच झालं होतं. घरी कुडपणला शेळ्या होत्या. जनावरांची सवय आहे म्हणून मला प्राणीगृहात घातलं. तिथे पांढरे ससे होते.

मान तेवढी बाहेर राहील अशा खोक्यात सशाला बसवायचं, खालची पापणी ओढून एका डोळ्यात शाम्पूचा किंवा क्रीमचा नमुना घालायचा. दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवायचा. मग ठरल्या वेळी टॉर्च लावून लाली, सूज, बुबुळावरचा पांढुरकेपणा बघायचा. ससा ओरडत नाही. पाय झाडतो, नंतर तेही थांबतं. तपासणी संपली की कानाच्या शिरेत मरणाचं इंजेक्शन.

सुट्टीत गेले तेव्हा आईला हे सांगितलं. ती शेळ्यांना पाला टाकत होती.

"आपून पन बोकड कापतो," ती म्हणाली. "पन डोळ्यात कशाला गो घालतात?"

"बायकांच्या डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून."

"मी तर कधी काय लावला नाय," आई म्हणाली.

आमच्या विभागाच्या मॅडम पुण्याच्या होत्या. हे सगळं कुठून सुरू झालं ते त्यांनीच मला सांगितलं. फार पूर्वी परदेशात पापण्या काळ्या करायच्या रंगाने बायकांचे डोळे गेले. मग आधी तपासल्याशिवाय काही विकायचं नाही असं ठरलं आणि तपासायला ससे धरले गेले. सशाच्या डोळ्यातून पाणी कमी येतं, घातलेलं वाहून जात नाही. "एवढीच त्यांची चूक," मॅडम म्हणाल्या.

आणि एक दिवस बंदी आली. सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचणी नाही. मॅडमनी पेढे आणले. आम्ही पिंजरे पाइपने धुऊन उन्हात ठेवले. मी त्या दिवशी फार खूश होते.

पण क्रीम तपासावं तर लागणारच. बाहेरच्या देशातून प्रयोगशाळेत वाढवलेली माणसाची कातडी मागवली. ती विमानतळावर अडकली आणि आमच्याकडे पोचली तेव्हा मेलेली होती. मग मॅडमना बोकडाच्या डोळ्यांचं सुचलं. खाटकाकडे ते फेकूनच देतात. वरचा पारदर्शक पडदा काढायचा, त्यावर नमुना ठेवायचा, पलीकडून उजेड सोडायचा. पडदा दुधाळ झाला तर माल वाईट.

रोज सकाळी बर्फाचा डबा घेऊन मी महाडच्या मटण बाजारात जायला लागले.

"डोळ्यांचा रस्सा करता काय ताई?" खाटीकमामांनी विचारलं.

"तपासणीला लागतात. यांच्यामुळे ससे वाचतात."

"आमचा बोकड तर वाचला नाय," ते हसले. पण पुढे माझ्यासाठी डोळे न चिरता अलगद काढून ठेवायचे.

दोन पावसाळे आम्ही ते काम केलं. फार जहाल आणि अगदी सौम्य माल बरोबर ओळखू यायचा. मधल्याची मात्र खात्री देता यायची नाही. ग्राहक कंपन्या कौतुक करायच्या आणि म्हणायच्या, पण ही पद्धत सरकारी मान्यतेत बसत नाही. मान्यतेसाठी हेच काम आणखी प्रयोगशाळांनी करून दाखवायला हवं होतं. मॅडम मुंबईला गेल्या, दिल्लीला गेल्या. कुणी पुढे आलं नाही.

त्यानंतर एका ग्राहकाची पांढरी पावडर आली. क्रीम टिकावं म्हणून घालतात ती. ग्राहकाला ती प्रसाधन म्हणून तपासायची नव्हती, रसायन म्हणून, कारखान्यातल्या कामगारांच्या सुरक्षेसाठी तपासायची होती. सशांवर.

"ही क्रीममध्येच जाणार आहे ना?" मॅडमनी आमच्या प्रयोगशाळेच्या मालकांना विचारलं.

"क्रीममध्ये जाईल, रंगातही जाईल. रसायनांना बंदी नाही, मॅडम. कायद्यात बसतं."

ते खोटं बोलत नव्हते. बसत होतं.

मॅडम पुण्याला परत गेल्या. मला म्हणाल्या, तूही चल. पण भाऊ मुंबईला, आई कुडपणला एकटी. मी राहिले. बोकडाच्या डोळ्यांची यंत्रं आवरली आणि त्या खोलीत पुन्हा पिंजरे लागले. खाटीकमामांना आता डोळे नकोत म्हणून सांगायला गेले, तर त्यांनी त्या दिवसाचे आधीच काढून ठेवले होते. मी ते घेतले. वाटेत नाल्यात टाकले.

परवा घरी गेले होते. आई शेगडीजवळ बसली होती.

"ता सशांचा बंद झाला ना गो?"

"परत चालू झालंय."

"सरकारनं बंद केला होता ना?"

"दुसऱ्या नावानं चालतं, आये."

आईला ते कळलं नाही.

"मग तू सोड ती नोकरी."

"मी सोडली तर दुसरी येईल."

आईने ताट पुढे ओढलं. मला भाकरी वाढली आणि शेळ्या बांधायला बाहेर गेली. सकाळी पोलादपूरला उतरून महाडची एसटी धरली. प्रयोगशाळेच्या दारात सशांची गाडी उभी होती.